जमाखर्च : सर्वपित्रीच्या चार दिवस आधी

गेली काही वर्षं या सदरातून मी तुम्हाला शहाणपण शिकवत आलो आहे. सोशल सिक्युरिटी ६२ला घ्यावी की ७०ला, एनआरई खात्यातलं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इथे दाखवावंच लागतं, भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार भरा, वगैरे. यंदा मात्र माझीच फजिती सांगायची आहे. गणपतीत हॉलवर निदान चौघांनी मला गाठून विचारलं, "आईवडिलांजवळ सहा महिने राहून तिकडूनच काम करायचं म्हणतोय, कराचं काय होतं हो?" जेवणाच्या रांगेत हातात ताट धरून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून इथे लिहितो.

२०२३च्या दिवाळीआधी सांगलीला आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. मी एकुलता. ५ नोव्हेंबरला मुंबईला उतरलो आणि रात्री सांगलीत पोचलो. माझं काम पुलांच्या डिझाइनचं, ड्रॉइंग तपासायची आणि आकडेमोड करायची. लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असलं की ते कुठूनही होतं. कंपनीने मार्चअखेरपर्यंत तिकडून काम करायला लेखी परवानगी दिली. नानांच्या खोलीत त्यांच्या जुन्या टेबलाशी बसून मी संध्याकाळी साडेसहा ते मध्यरात्रीपर्यंत न्यू जर्सीचे पूल तपासत असे.

इथे पहिला गैरसमज काढून टाकतो. "पगार डॉलरमध्ये, जमा अमेरिकेतल्या बँकेत, कंपनी अमेरिकन, मग भारताचा संबंध काय?" संबंध आहे. पगार कुठे जमा झाला यापेक्षा काम कुठे बसून केलं हे भारतीय कायदा बघतो. सांगलीत बसून केलेल्या कामाचा पगार हे भारतातलं उत्पन्न, मग तुम्ही तिथले रहिवासी असा वा नसा. सुटका होते ती दोन देशांमधल्या करारामुळे. तुम्ही अमेरिकेचे रहिवासी, कंपनी भारतातली नाही, तिचं भारतात ऑफिस नाही आणि त्या करवर्षात तुम्ही भारतात १८३ दिवसांहून जास्त राहिला नाहीत, तर नोकरदाराच्या त्या पगारावर भारत कर घेत नाही. मात्र ते सिद्ध करावं लागतं. आयआरएसकडून फॉर्म ६१६६ हे रहिवासाचं प्रमाणपत्र मागवायचं, त्यासाठी फॉर्म ८८०२ आणि ८५ डॉलर, आणि भारतात त्यासाठीचा फॉर्म भरायचा. प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, तेव्हा विमानात बसण्याआधीच अर्ज करा.

भारताचं करवर्ष एप्रिल ते मार्च. ५ नोव्हेंबर ते ३१ मार्च माझे १४८ दिवस झाले. रहिवासी ठरायला आपल्यासारख्या भेटीला येणाऱ्यांना १८२ लागतात. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर मर्यादा १२० वर येते, पण मग मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवसही भरावे लागतात. माझे त्याच्या निम्मेही नव्हते. इथवर सगळं चोख होतं. मी स्वतःवर खूश होतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मार्चमध्ये कंपनीने कळवलं की आता परत या, नाहीतर नोकरी सोडून कंत्राटी म्हणून काम करा. आई नुकती वॉकर धरून चार पावलं टाकायला लागली होती. मी कंत्राट घेतलं. डब्ल्यू-२ गेला आणि १०९९ आला. तेच ड्रॉइंग, तेच टेबल, महिना ९,००० डॉलर. वयाच्या ५७व्या वर्षी ४०१-के मधली कंपनीची भर बंद झाली, आणि वर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर पूर्ण माझ्या खिशातून. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे तो टळण्याचा मार्गही नाही. त्या सहा महिन्यांपुरते ते सुमारे साडेसात हजार डॉलर झाले. एवढं मी आधी मोजलं होतं.

दिवसही मोजत होतो. १ एप्रिलपासून नवी मोजणी. आईच्या कालनिर्णयावर दुधाच्या खुणा असत, त्यांच्याखाली मी बारीक पेन्सिलीने आकडा घालायचो. १८२वा दिवस पडत होता २९ सप्टेंबरला. तिकीट काढलं २८चं, म्हणजे १८१. येण्याजाण्याचे दोन्ही दिवस धरून मोजावं, पुढे वाद नको.

नानांची तिथी अमावास्येची. त्यांचा पक्ष सर्वपित्रीला असतो, आणि सर्वपित्री होती २ ऑक्टोबरला. आईला वाटत होतं की वीस वर्षांनी यंदा पक्षाचं पान मुलाच्या हातून पडेल. तिने तिकिटाची तारीख ऐकली आणि कालनिर्णयाकडे बघितलं.

"चार दिवसांवर आलंय. नानांचं पान वाढून जा की."

मी तिला १८२ दिवसांचं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"सरकार माणसाचे दिवस मोजतंय होय?"

मग त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. पक्ष चुलतभावाने घातला. मला त्याने फोटो पाठवला तेव्हा मी एडिसनला गॅरेजमधून कचऱ्याचे डबे बाहेर काढत होतो.

फेब्रुवारीत इथला रिटर्न तयार करताना, भारतातलंही एकदा तपासून घ्यावं म्हणून पुण्याच्या एका सीएंना व्हिडिओवर गाठलं. १८१चा आकडा मी जरा अभिमानानेच सांगितला. ते म्हणाले, "साहेब, एप्रिलपासून तुम्ही नोकर नव्हता ना? मग १८३चं कलम तुम्हाला लागूच नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला करारात वेगळं कलम आहे. तिथे मर्यादा ९० दिवसांची."

१ एप्रिलपासून ९० दिवस २९ जूनलाच भरले होते. तेव्हा मी आईला डॉक्टरांकडे नेत होतो आणि कालनिर्णयावर निवांत पुढचे आकडे घालत होतो.

"आणि बसायचात कुठे?" त्यांनी विचारलं.

"वडिलांच्या खोलीत, त्यांच्या टेबलाशी."

"रोज? मग ते कामाचं ठरावीक ठिकाण म्हणता येईल. तसं झालं तर ९० दिवसही बघायची गरज नाही."

सहा महिन्यांचे ५४,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ४५ लाख रुपये. नव्या करपद्धतीने त्यावर १० लाख ८० हजारांच्या आसपास कर, शिवाय अग्रिम कर वेळेवर न भरल्याचं व्याज. मी म्हटलं, निदान २८ला निघालो म्हणून रहिवासी तरी झालो नाही. त्यावर ते जरा थांबले. म्हणाले, "राहिला असतात तर बरं झालं असतं. इतकी वर्षं बाहेर असलेला माणूस एकदम पुरा रहिवासी होत नाही, आरएनओआर होतो. तुमच्या अमेरिकेतल्या उत्पन्नाला, ४०१-केला हात लागला नसता. उलट ४४एडीए मिळालं असतं. इंजिनीअरचा व्यवसाय त्यात बसतो, पैसे बँकेतून आले असतील तर ७५ लाखांपर्यंत निम्मीच रक्कम उत्पन्न धरतात. पण ते फक्त रहिवाशाला."

मी वहीत मांडून बघितलं. साडेबावीस लाखांवर कर होतो ३ लाख ८० हजार. म्हणजे सर्वपित्रीपर्यंत थांबलो असतो तर सात लाख वाचले असते. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

आता निवृत्तीच्या पैशाचं. हातचं गेलं ते भरून काढायला मी सेप-आयआरए उघडायला निघालो होतो. तो रिटर्नच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ घेतली तर तोपर्यंतही उघडता येतो. पण भारतात त्याची वजावट नाही, ४०१-केचीही नाही. आणि भारतात भरलेल्या कराची सूट इथे तेवढीच मिळते जेवढा इथे त्या उत्पन्नावर कर लागतो. सेपमध्ये भरून मी इथला कर कमी केला असता तर भारतातल्या कराला सूट घ्यायला जागाच उरली नसती. सुटीची उरलेली रक्कम पुढे १० वर्षं नेता येते, पण परदेशात मिळवलेलं तसंच उत्पन्न पुन्हा असेल तरच तिचा उपयोग. म्हणून ज्या वर्षी तिकडे जास्त कर बसतो, त्या वर्षी इथे वजावटीच्या खात्यात भरण्याची घाई करू नये, शक्य असेल तर रॉथकडे बघावं. स्वयंरोजगार करातून मात्र ती सूट एक सेंटही वळती होत नाही.

मंडळातल्या एकांनी सल्ला दिला होता, "३३० दिवस बाहेर राहा आणि परदेशी उत्पन्नाची सूट घे, १,२६,५०० डॉलरपर्यंत करच नाही." माझे पुरे दिवस भरले ३२७. पण तीन आणखी राहिलो असतो तरी उपयोग नव्हता, कारण बायको एडिसनला, म्हणजे माझं राहतं घर अमेरिकेतच. ज्यांना ती सूट खरोखर मिळते, त्यांनी एक ध्यानात ठेवावं: सगळी कमाई अशी वगळली तर आयआरएत भरायला कमाई उरत नाही. तरीही भरलंत तर जादा रकमेवर ती काढेपर्यंत दर वर्षी ६ टक्के दंड.

कायमचं परत जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. आरएनओआरची दोनतीन वर्षं संपली की ४०१-के आणि आयआरएमधली वाढ भारतात दरवर्षी करपात्र होऊ शकते. ती पैसे काढेपर्यंत पुढे ढकलायची सोय कायद्यात आहे, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या खात्यांसाठी. रिटर्नच्या मुदतीत त्यासाठीचा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा भरला की माघार नाही. त्यावर पुढच्या वर्षी सविस्तर लिहीन.

जानेवारीपासून मी परत पगारी नोकर आहे. २०२५ची सर्वपित्री २१ सप्टेंबरला होती. लॅपटॉप एडिसनला ठेवून दहा दिवस सांगलीला जाऊन आलो. नानांचं पान वाढलं. आई आता वॉकरशिवाय स्वयंपाकघरापर्यंत जाते. निघायच्या आदल्या रात्री तिने विचारलं, "या खेपेला किती दिवस मोजून आणलेस?"

म्हटलं, "दहा. पण रजेचे आहेत."