विश्लेषण : रोजच्या वापरातील ‘स्पोर्टी’ गाडीवर पैसे नेमके कुठे खर्च करावेत?

महाड-पोलादपूरच्या घाटरस्त्यांवर इंजिनाची ताकद वाढवण्याआधी टायर, ब्रेक आणि कायद्याची कलमे का तपासायला हवीत?

मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ पासून रखडलेले चौपदरीकरण रायगडच्या दक्षिण टोकाला बऱ्यापैकी मार्गी लागले. कशेडीच्या बोगद्यामुळे पोलादपूर ते खेड हा वळणावळणांचा टप्पा टाळता येऊ लागला. रस्ता सुधारला, तशी महाड-पोलादपूर पट्ट्यात जरा दमदार इंजिनाच्या गाड्यांची हौसही वाढली. महाड एमआयडीसीत नोकरी, शनिवार-रविवार महाबळेश्वर किंवा पुणे, गणपतीत गावी. हे सगळे एकाच गाडीवर. मग गाडी घेतल्यावर वर्षभरात प्रश्न येतो : आणखी थोडी ‘पिकअप’ मिळवायची, तर पैसे कशावर टाकायचे?

चर्चा आत्ताच का?

२०२५ मध्ये फोक्सवॅगनने ‘गोल्फ जीटीआय’ सुमारे ५३ लाखांना, तर स्कोडाने ‘ऑक्टाव्हिया आरएस’ सुमारे ५० लाखांना (दोन्ही एक्स-शोरूम) भारतात आणली. ऑक्टाव्हियाच्या फक्त १०० गाड्या आल्या आणि त्या हातोहात गेल्या. पन्नास लाखांची गाडी प्रत्येकाला परवडत नाही. त्यामुळे ‘व्हर्टस जीटी’ किंवा जुनी ‘पोलो जीटी टीएसआय’ घेऊन तिच्यावर लाखभर खर्च करायचा आणि तीच मजा लुटायची, हा हिशेब अनेकांनी मांडला. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी १० हजारांचा टायर १२,८०० ऐवजी ११,८०० रुपयांना पडतो, म्हणजे चार टायरमागे चार हजारांची बचत.

घाटात ताकद किती लागते?

इथे थोडे गणित करणे भाग आहे. पोलादपूरहून महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर. दोन-तीन माणसांसह साधारण १,४०० किलो वजनाची गाडी आंबेनळी घाटात पंधरात एक अशा चढावर ताशी ४० किमीने चालली, तर चढ, टायरचे घर्षण आणि वारा धरून जेमतेम १७-१८ अश्वशक्ती लागते. व्हर्टस जीटीच्या १.५ लिटर टर्बो इंजिनाची ताकद १५० अश्वशक्ती आहे. म्हणजे आठव्या हिश्श्यात काम भागते. उरलेली ताकद लागते ती एसटी किंवा ट्रकला ओलांडताना, तेही समोरचा रस्ता स्पष्ट दिसत असेल तेव्हाच. आंबेनळीत असे सरळ पट्टे किती आहेत, ते रोज जाणाऱ्यांना विचारावे.

टर्बोचा खरा फायदा वेगळा आहे. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ होते आणि साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दहा-बारा टक्क्यांनी घटते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. हा फायदा गाडीच्या किमतीतच मिळालेला आहे, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

मग ‘रीमॅप’ करण्यात अर्थ नाही?

सगळ्यात जास्त मोह याच गोष्टीचा होतो. इंजिनाच्या संगणकाचे, म्हणजे ईसीयूचे सॉफ्टवेअर बदलायचे, टर्बोचा दाब वाढवायचा आणि काही तासांत गाडी बदललेली जाणवते. खर्च साधारण २५ ते ५० हजार. रुपयामागे अश्वशक्ती मोजली, तर याहून स्वस्त दुसरे काही नाही, हे मान्यच करावे लागेल.

अडचण पुढे आहे. व्हर्टस जीटीच्या १.५ टीएसआय इंजिनाचा मूळ टॉर्क २५० न्यूटन-मीटर. त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा आहे आणि त्याची क्षमताही २५० न्यूटन-मीटरचीच. कंपनीने ती आधीच काठोकाठ वापरली आहे. रीमॅपमध्ये टॉर्क ३०० च्या पुढे नेल्याचे दावे केले जातात, तेव्हा तो जादा भार हा क्लच सोसत असतो. कोरडा क्लच तेलात बुडालेला नसल्याने उष्णता लवकर बाहेर टाकू शकत नाही. शनिवारी सकाळी घाटात पर्यटकांच्या रांगेत, चढावर, इंचइंच पुढे सरकणारी गाडी ही त्याच्यासाठी सर्वात वाईट परिस्थिती. क्लच संच बदलण्याचा खर्च रीमॅपच्या कितीतरी पट होतो. मॅन्युअल गिअरच्या गाडीत हेच दुखणे क्लच घसरण्याच्या रूपाने येते, फक्त दुरुस्ती थोडी स्वस्त पडते.

वॉरंटीचे काय? सॉफ्टवेअर परत मूळ केले की कोणाला कळते, असा समज आहे. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत बदललेले सॉफ्टवेअर सापडलेल्या गाडीसमोर ‘टीडी१’ अशी खूण पडते. मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या वॉरंटीचा दावा अवघड होतो. वॉरंटी संपलेल्या पोलोच्या मालकाला ही भीती नाही. पण २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्येही सात गिअरचा कोरड्या क्लचचाच डीएसजी आहे आणि पोलोची विक्री २०२२ मध्ये थांबली. जुन्या गाडीत आधी क्लचची स्थिती तपासायची की आधी ताकद वाढवायची, याचे उत्तर उघड आहे.

एअर फिल्टर, एक्झॉस्टने फरक पडतो?

ऐकायला पडतो, गाडीत फारसा नाही. आजच्या टर्बो इंजिनात किती हवा घ्यायची हे ईसीयू ठरवते. सॉफ्टवेअर तेच ठेवून नुसता महागडा फिल्टर बसवला तर आवाज वाढतो, ताकद जवळपास तेवढीच राहते. काही इनटेक संचांमध्ये हवा ओढणारे तोंड बंपरच्या खालच्या बाजूला आणलेले असते. महाडकरांनी तर याचा विचारही करू नये. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीच्या पुराचे पाणी शहरात शिरले होते. साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना इनटेकने पाणी ओढले, तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात असे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच घ्यावे लागते, ते मात्र जरूर घ्यावे.

इंधनाबाबतही असाच गैरसमज दिसतो. १०० ऑक्टेनचे पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा लिटरमागे ५० हून अधिक रुपयांनी महाग आहे. महिन्याला १,५०० किमी आणि लिटरला १३ किमी धरले, तर वर्षाला सुमारे ६९ हजार रुपये जादा जातात. मूळ सॉफ्टवेअर असलेल्या गाडीला त्याचा म्हणावा तसा उपयोग नाही. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलचे ऑक्टेन ९५ असल्याचे सरकारच सांगते. ई-२० ची किंमत दुसरीकडे मोजावी लागते : नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार मूळ साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या मोटारींचे मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घेणे म्हणून गरजेचे.

उतारावर काय घडते?

खरी परीक्षा येताना होते. महाबळेश्वर ते पोलादपूर या उतारात १,४०० किलोची गाडी सुमारे सव्वा किलोमीटर खाली येते. त्यातून सुटणारी ऊर्जा साधारण पावणेपाच युनिट विजेइतकी असते. ताशी १०० किमीवरून पूर्ण थांबण्यासाठी एकापाठोपाठ तीसेक वेळा ब्रेक मारावा, इतकी. काही भाग टायरचे घर्षण आणि इंजिन ब्रेकिंग खाते. गिअर खाली न घेता उतरणाऱ्या गाडीत मात्र उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या डिस्क आणि पॅडमध्ये जाते.

तिथून ती ब्रेक फ्लुइडपर्यंत पोहोचते. डॉट-४ दर्जाचे नवे फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते, पण ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट-३ चे आकडे २०५ आणि १४० आहेत. फ्लुइड उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडून खाली जाते आणि गाडी थांबत नाही. कोकणातील दमट हवेत दोन वर्षांनी फ्लुइड बदलणे ही चैन नव्हे. मजुरीसह हे काम सहसा एक-दोन हजारांत होते. डॉट-५.१ चालत असेल तर (२६० आणि १८० अंश) आणखी बरे. त्यासोबत चांगल्या प्रतीचे पुढचे ब्रेक पॅड घ्यावेत. मात्र रेसिंगसाठीचे पॅड नकोत. ते गरम झाल्यावरच पकड घेतात आणि सकाळी एमआयडीसीच्या फाटकापर्यंत थंडच राहतात.

या घाटाचा इतिहास विसरता येण्यासारखा नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत दरीत कोसळली आणि एक जण वगळता बसमधील सर्वांचा मृत्यू झाला. २०२१ च्या अतिवृष्टीत हाच रस्ता अनेक ठिकाणी वाहून गेला होता.

सर्वाधिक पैसे टायरवर का?

इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन यांनी काहीही केले, तरी रस्त्याशी गाठ फक्त चार तळहातांएवढ्या रबराची असते. ताशी ६० किमी वेगात ब्रेक लावल्यावर चांगली पकड असेल, तर गाडी सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर घासलेल्या टायरने हेच अंतर २८ मीटरच्या घरात जाते. हा दहा मीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एका एसटीची लांबी. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणाऱ्या पोलादपूर तालुक्यात हा आकडा पाठ असावा.

कंपनीचे मूळ टायर बहुतेकदा मायलेज आणि टिकाऊपणा पाहून निवडलेले असतात. त्याच मापाचे (व्हर्टस जीटीसाठी २०५/५५ आर १६) ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देणारे चार टायर साधारण ४० हजारांत येतात. ते दोन-तीन वर्षे आधी झिजतील, हे गृहीत धरावे. कायद्याने खाचांची खोली १.६ मिमी चालते, पण पावसाळा सुरू होताना ती ३ मिमीहून कमी असेल तर टायर बदललेलेच बरे. जुनी गाडी घेताना टायरच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचावा. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला.

रुंद टायर आणि १७-१८ इंची रिम फोटोत छान दिसतात. प्रत्यक्षात चाक जड होते, पिकअप उलट घटते आणि महामार्गाच्या जोडरस्त्यांवरच्या खड्ड्यांत रिम वाकते. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगचेही तेच. व्हर्टसला रिकाम्या गाडीत १७९ मिमी ग्राउंड क्लिअरन्स आहे. गावातल्या गतिरोधकांवर त्यातला एकेक मिलिमीटर कामी येतो. पन्नास-साठ हजार किमी चाललेल्या गाडीत कंपनीच्याच मापाचे नवे शॉक अॅब्सॉर्बर आणि बुश टाकले, तर गाडी वळणात नव्यासारखी बसते. हा खर्च दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे आरसीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) प्रमाणे परवानगी नसलेले सुटे भाग बसवून केलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज किंवा धुराचे मानक मोडणाऱ्या एक्झॉस्टसाठी कलम १९० (२) आहे : पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

यापेक्षा महाग पडतो तो विमा. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. कंपनीच्या मापाचे टायर, पॅड, फ्लुइड आणि शॉक अॅब्सॉर्बर यांच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. ते देखभालीत मोडतात.

लाखभर रुपये हाताशी असतील, तर टायरला ४० हजार, ब्रेकच्या कामाला दहा-पंधरा हजार, जुनी गाडी असल्यास सस्पेन्शनला तीसेक हजार, असा ढोबळ आकडा निघतो. उरलेल्या रकमेत रीमॅप बसत नाही. पण ‘इंजिन प्रोटेक्ट’चा हप्ता बसतो.