पावतीवाचून नोंद नाही

भाईंदर पश्चिमेच्या मुर्धा गावातील विद्यार्थ्यास आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्याख्यान आज घरबसल्या ऐकता येते. आयआयटी संस्था व बंगळुरूची आयआयएससी यांनी २००३ साली आरंभिलेल्या ‘एनपीटीईएल’ची व्याख्याने यूट्यूबवर विनामूल्य आहेत. २०१७ पासून ‘स्वयम्’ हे शासकीय व्यासपीठही खुले आहे. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’मधून पूर्ण करू देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये विद्यापीठांना दिली. श्रेयांकांसाठी मात्र गृहपाठ करून परीक्षा द्यावी लागते.

म्हणून मुलाच्या हाती मोबाइल दिसताच वडीलधाऱ्यांनी रागावण्यापूर्वी तो काय पाहतो आहे, हे आस्थेने विचारावे. व्हॉट्सॲपच्या अभ्यासगटात शंका विचाराव्यात, टिपणांची देवघेवही करावी. परंतु तेथे फिरत आलेला व्याजदराचा किंवा महागाईचा आकडा प्रकल्पात तसाच उतरवू नये. रिझर्व्ह बँकेचा मूळ अहवाल उघडून वर्ष व पृष्ठ पडताळावे. पेढीवर पावतीवाचून रक्कम वहीत चढत नाही. घरातील ही जुनी शिस्त मुलांनी संशोधनातही पाळली, तर त्यांचे लेखन परीक्षकांपुढे निर्धास्त उभे राहील.