कातकऱ्याकडे पुरावा मागता?

तानसा तलावाच्या काठाला आपल्या कातकरी वाड्या आहेत. दाव्याचा कागद घेऊन गेलो की साहेब म्हणतो, "तुम्ही फिरस्ते. आज इथं, उद्या भट्टीवर. पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा आणा."

फिरस्ते कुणी केलं, ते आधी बोलू. कातकरी हे नाव काय आभाळातनं पडलं? खैर तोडायचा, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, मडक्यात उकळायच्या, रस आटवून आटवून वड्या करायच्या. तो कात. व्यापारी यायचा, घेऊन जायचा. शेटसावकारांची पानं रंगली ती आपल्या आज्या-पणज्यांच्या चुलीवर. मग इंग्रजानं 1878 चा जंगल कायदा आणला. खैर सरकारचा झाला आणि त्याच हातांना चोर म्हणू लागले. 1892 ला तानसाचं धरण झालं, पाणी मुंबईला गेलं. पुढं त्याच जंगलाचं अभयारण्य झालं.

राहिलं काय? कोळसा पाडला, लाकूड तोडलं. आता दिवाळी झाली की मालकाची उचल घेऊन कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. पोरंबाळं, कोंबड्यासुद्धा घेऊन. मागं वाडी ओस. नेमकं तेव्हाच कुणी पाहणीला आलं तर लिहिणार, घर बंद, कब्जा नाही. पोटासाठी गेलो हाच गुन्हा!

गाववाल्यांनो, 2006 चा वनहक्क कायदा नीट ऐका. पंच्याहत्तर वर्षांची, म्हणजे तीन पिढ्यांची अट बिगर-आदिवासींना आहे. आपल्याला नाही. आदिवासीनं 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा कब्जा दाखवायचा. अभयारण्यातही हाच कायदा. तळ्यातल्या मासळीचा सामूहिक हक्क त्यात आहे. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तीन आदिम जमाती; त्यांच्या वस्तीच्या सगळ्या परिसराचा हक्क कायद्यानं वेगळा सांगितला आहे. साहेबाला हे ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे.

पुराव्याचंही तसंच. सातबारा नाही म्हणून गप बसू नका. नियम 13 वाचून घ्या. दुसऱ्या जाणत्या म्हाताऱ्याचा लिहून घेतलेला जबाब चालतो. घर, बांध, विहीर चालते. देवाची जागा, मसणवटा चालतो. जुनं सरकारी गॅझेटियरसुद्धा चालतं, आणि 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात कात करणारे म्हणून आपली जमात छापलेली आहे. म्हणजे आपण जंगलात होतो हे सरकारच्याच पुस्तकात आहे, तेही तानसाचं धरण व्हायच्या दहा वर्षं आधी! मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही, दोन तरी जोडा.

ग्रामसभा दिवाळीच्या आत लावा, माणसं भट्टीवर जायच्या आधी. म्हाताऱ्यांचे जबाब पहिले लिहून घ्या. आणि दावा दिला की पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. पोच देत नसतील तर सगळी वाडी तिथंच बसेल.