माळकऱ्याने देवीची ओटी का भरू नये?

गेल्या कार्तिकात आमच्या उमापूर भागात एका सप्ताहाला श्रोता म्हणून बसलो होतो. आवाज साथ देत नाही म्हणून कीर्तनाला उभे राहणे सोडले आहे. आता खांबाला टेकून ऐकतो. बुवा तरुण, पाठांतर चोख, चाल गोड. निरूपणाच्या भरात ते महिलांच्या बाजूला वळून म्हणाले, "गळ्यात तुळशीची माळ आणि हातात देवीची ओटी, हा भक्तीतला व्यभिचार आहे." मंडप हसला, टाळकरीही हसले. आमच्या घरच्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या खाली मान घालून बसून राहिल्या.

मलाही हसू आले नाही, कारण ते वाक्य एके काळी माझेच होते. चाळीस वर्षांपूर्वी मी ते गावोगाव सांगितले आणि घरातही लागू केले. आमची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी. आई होती तोवर दर मार्गशीर्षात जायची. सुनेलाही दोनदा घेऊन गेली. आई गेल्यावर मी ते जाणे बंद केले. घरच्यांनी वाद घातला नाही. वाद घातला नाही म्हणजे पटले, असे मी धरून चाललो.

सप्ताहाहून घरी येताना मी विचारले, "तुम्हाला जायचे होते का?" त्या एवढेच म्हणाल्या, "सासूबाईंनी ओटी माझ्या हातात दिली होती. ती तशीच राहिली."

सज्जनहो, म्हणून हा लेख लिहितो आहे. आधी पूर्वपक्ष मांडतो, कारण तो मला तोंडपाठ आहे. वारकऱ्याची निष्ठा अनन्य असावी. तुकोबारायांनी शेंदूर फासलेल्या क्षुद्र देवतांवर कोरडे ओढले. देवीपुढे बोकड कापतात, अंगात येते, नवस बोलतात. या साऱ्यात वारकऱ्याने जाऊ नये.

आता सिद्धांत पाहू. तुकोबांचा रोख होता तो हिंसेवर, नवसाच्या देवघेवीवर आणि भोळ्या माणसाला भय दाखवून लुबाडण्यावर. तो रोख आजही खरा आहे. बोकड कापायला माळकऱ्याने जाऊ नये, त्या पंगतीला बसू नये, हे मी मरेपर्यंत सांगेन. पण खण, नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन आईपुढे उभी राहणारी म्हातारी कोणती हिंसा करते? दोघींना एकाच काठीने झोडपणे हे तुकोबांचे काम नव्हे, आपल्या आळसाचे आहे.

आणि अनन्यतेचे म्हणाल, तर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाला वंदन केले आणि पाठोपाठ शारदेला. पैठणच्या नाथ महाराजांनी जोगवा मागितला, गोंधळ घातला. फक्त मागणे बदलले, धनधान्याच्या जागी बोध मागितला. नाथपंचकात ज्यांची नावे आपण आदराने घेतो, त्यांतले एक विठा रेणुकानंदन. रेणुकेचा मुलगा म्हणवून घेणारा मनुष्य नाथांच्या मांदियाळीत बसतो, आणि आमच्या मंडपात ओटी घेतलेल्या बाईला हसतात!

याहून नवल असे की, त्याच सप्ताहात रात्री सोंगी भारूड झाले. नाथांच्या भारुडातला भवानीचा रोडगा झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रात्री रंगमंचावर भवानी चालते, सकाळी घरातली चालत नाही, हा कोणता न्याय? पंढरीत विठोबाचे दर्शन झाल्यावर आपण रुक्मिणीमातेच्या मंदिरात जातो ना? विठ्ठलालाच आपण विठाई म्हणतो. देवाला आई म्हणायचे आणि आईला देव मानणारीला हिणवायचे, हे जुळत नाही.

मार्गशीर्षात आम्ही दोघे गेलो. गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज असा यष्टीचा प्रवास. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत योगेश्वरीचे नवरात्र असते, त्यामुळे गर्दी मोठी होती. परळीच्या वैद्यनाथाशी लग्न ठरले, मुहूर्त टळला आणि देवी इथेच कुमारिका राहिली, अशी कथा सांगतात. घरच्यांनी ओटी भरली, पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे न बघता बाहेर आल्या. चाळीस वर्षांचे देणे त्यांनी क्षणात फेडले. माझे अजून बाकी आहे.

त्याच गावात मला आणखी एक गोष्ट बोचली. योगेश्वरीच्या रांगेत माळकरी पुष्कळ भेटले. मुकुंदराजांच्या समाधीवर मात्र शांतता होती. ज्यांच्या विवेकसिंधूवर शके १११० हा काळ नोंदलेला आहे, म्हणजे माउलींच्या भावार्थदीपिकेच्या शंभरएक वर्षे आधीचा, ते आद्यकवी गावाबाहेर दरीत विसावले आहेत. गावातच दासोपंतांची समाधी आहे. गीतेवर गीतार्णव लिहिणारे, आणि कागद पुरेना म्हणून की काय, सुमारे चाळीस फूट लांब पासोडीवर पंचीकरण लिहिणारे दासोपंत. हेही नाथपंचकातलेच. ज्या गावात वेदान्ती मुकुंदराज आणि दत्तभक्त दासोपंत देवीच्या सावलीत राहिले, तिथे निष्ठा बाटत असती तर त्यांची आधी बाटली असती.

म्हणून कीर्तनकार बंधूंना हात जोडून सांगतो. बोकडावर बोला, भोंदूगिरीवर बोला, कर्ज काढून केलेल्या नवसावर बोला; त्यासाठी धाडस लागते. समोर गप्प बसलेल्या माउलीवर विनोद करायला काही लागत नाही. आणि जे अंबाजोगाईला जातील त्यांनी देवीचे दर्शन घेऊन गाडी लगेच परळीकडे वळवू नये. मुकुंदराजांच्या दरीत उतरावे, दासोपंतांच्या समाधीपाशी घटकाभर हरिपाठ म्हणावा.

ज्या तरुण बुवांचा उल्लेख केला त्यांच्यावर राग नाही. त्यांनी ते वाक्य माझ्यासारख्याच कुणाकडून ऐकले असेल. ज्याने पेरले त्यानेच उपटावे, म्हणून हे लिहिले. ज्यांच्या ओट्या माझ्या शब्दाने अडल्या असतील त्या सर्व आयाबहिणींची क्षमा मागतो.

रामकृष्ण हरी.