गाजरगवताची खाज आणि पोटातलं बाळ

पाऊस पडून गेला की आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मोकळे प्लॉट, शेताचे बांध, रस्त्यांच्या कडा, जिकडे पाहावं तिकडे गाजरगवत माजतं. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याच्या पानांवरच्या लवेत आणि परागांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. काहींच्या त्वचेला ते मुळीच सोसत नाही. गवताला हात न लावताही, वाऱ्यावर उडून आलेल्या कणांनी पापण्या, मान, कोपराच्या खाचा लाल होतात आणि खाज सुटते.

आमच्या शेजारच्या सुनेला पाचव्या महिन्यात हेच झालं. सासूबाई म्हणाल्या, "दिवस गेलेल्या बाईला खाज यायचीच, सोस जरा." दुसरी कुणी म्हणाली, "बाळाच्या अंगावर उतरेल हो!" पोर धास्तावली. दुकानातून आणलेली ट्यूब चोरून लावू लागली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरामागे काय उगवलंय?"

आता मनातली भीती काढून टाकू या. आईचं असं पुरळ नाळेतून बाळाकडे जात नाही. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्वचेत असतात, तशा गर्भाशयातही असतात. पण तिथलं त्यांचं काम निराळं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात ज्यांची गर्दी असते, त्यांचं नाव आहे 'नैसर्गिक मारक पेशी'. नाव भयंकर, पण त्या बाळाला मारत नाहीत. उलट आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. दुसऱ्या काही पेशी आईच्या शरीराला आवर घालतात, की हे मूल परकं मानू नकोस. मानेवर खाज आली म्हणून हे काम बिघडलं असं समजू नका.

जपायचं ते औषधांना. सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानं गरोदरपणात चालतं. पण फार तीव्र मलम पुष्कळ दिवस, पुष्कळ प्रमाणात लावलं तर बाळाचं वजन कमी भरू शकतं. त्वचारोगासाठी मेथोट्रेक्सेट घेत असाल तर मूल हवं असा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात ते मुळीच चालत नाही. ॲझाथायोप्रिन चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, आधी विचारा. चुना, कडुनिंबाचा लेप असले प्रयोग चिडलेल्या त्वचेवर नकोत. कोमट पाण्यानं अंघोळ करून अंग ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मलम चोळावं.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. शेवटच्या तीन महिन्यांत पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटली, रात्री वाढली, तर ती यकृताच्या विकाराची असू शकते. त्यात बाळाला धोका असतो. लगेच दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या.

आणि गवत? फुलं येण्याआधी मुळासकट उपटायचं. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडाला फडकं बांधून. हे काम गरोदर बाईनं किंवा जिला त्रास आहे तिनं करायचं नाही. वाळलेलं गवतही बाधतं, म्हणून कपडे त्या बाजूला वाळत घालू नका.

शेजारी अखेर सासूबाईंनीच मुलाला परसात गवत उपटायला लावलं. पंधरा दिवसांत सुनेची मान निवळली.