चाक मोठं घेण्याआधी रोजचा रस्ता बघा

घरात नवी गाडी यायची आहे. छोटी, चपळ, जरा दमदार इंजिनाची. मुलांनी रंगसुद्धा ठरवून टाकलाय. शोरूममध्ये वरच्या व्हेरियंटची मोठी, चकचकीत अलॉय चाकं बघून सगळे खूश आहेत. बुकिंगचे पैसे भरण्याआधी थोडं थांबा आणि एवढं वाचून घ्या.

आपल्याकडे छोट्या गाडीत सस्पेन्शन वेगळं आणि चाकं वेगळी अशी निवड सहसा मिळत नाही. व्हेरियंट ठरलं की चाक ठरतं. स्पोर्टी आवृत्ती घेतली की बऱ्याचदा सस्पेन्शनही कडक येतं. तुम्ही घेता मोठ्या स्क्रीनसाठी किंवा सनरूफसाठी, आणि त्याबरोबर पातळ कडेचा टायरही घरी येतो. स्क्रीनचं कौतुक दोन महिन्यांत ओसरतं. टायर मात्र रोज खड्ड्यात जातो.

म्हणून शोरूममध्ये गेलात की आधी खाली वाका आणि टायरवरचा आकडा वाचा. समजा 185/65 R15 लिहिलंय. 185 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. R15 म्हणजे आतली रिम 15 इंचांची. मधला 65 हा आपल्या कामाचा. टायरच्या कडेची उंची रुंदीच्या 65 टक्के आहे, असं तो सांगतो. म्हणजे साधारण 120 मिलिमीटर.

आता शेजारच्या गाड्या बघा. 2024 साली आलेल्या स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटला 165/80 R14 टायर आहे. त्याची कड 132 मिलिमीटर. वरच्या व्हेरियंटला 185/65 R15, कड 120. ह्युंदाईच्या आय-20 एन लाइनला 195/55 R16 आहे. तिथे कड उरते 107. तिन्ही टायर बाहेरून जवळजवळ सारखेच उंच, बासष्ट सेंटीमीटरच्या आसपास. पण पहिल्यापेक्षा तिसऱ्यात रबराची आणि हवेची पंचवीस मिलिमीटर गादी कमी झाली. रिम वाढली ती त्या गादीची जागा खाऊन.

पंचवीस मिलिमीटर म्हणजे फक्त एक इंच, असं वाटेल. पुण्यात हा इंच फार महत्त्वाचा आहे.

आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांपेक्षाही वाईट असतात ती खचलेली चेंबरची झाकणं. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, झाकण खालीच राहतं. काही ठिकाणी पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात, ते एका बाजूने दबतात. या सगळ्यांना कडक, सरळ काठ असतो. पावसात त्यात पाणी भरलं की खोली कळतच नाही. गाडी चाळीसच्या वेगात आत जाते आणि पुढचं चाक त्या काठावर आपटतं. कड उंच असेल तर टायर दबतो आणि धक्का गिळतो. कड पातळ असेल तर टायर काठ आणि रिम यांच्यामध्ये चिमटला जातो. आतले धागे तुटतात. दोन-चार दिवसांनी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो.

असा फुगा आला की तो टायर गेला. पंक्चरवाला त्याला काही करू शकत नाही. त्या टायरवर द्रुतगती मार्गावर जाऊ नका, एकदासुद्धा नाही. टायर बदला.

रिमचंही तसंच. लोखंडी रिम बहुतेक वेळा वाकते आणि ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा जाऊ शकतो. तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून वापरा असं कोणी सुचवलं तर नको म्हणा.

खर्चाचं आधीच बघून ठेवा. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात खड्ड्याने नुसता टायर फाटला तर पैसे मिळत नाहीत. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे मिळतात, तेही निम्मे. टायर आणि रिमसाठी वेगळं जादा कव्हर असतं. सोळा इंची चाकं घेणारच असाल तर पहिल्या पॉलिसीतच ते मागा आणि त्यात रिम धरली आहे का हे वाचून बघा. आणि बुकिंगच्या आधी तुमच्या नेहमीच्या टायरच्या दुकानात त्या आकाराच्या एका टायरचा भाव विचारा. चारने गुणा. तीन-चार वर्षांनी तो खर्च येणारच आहे.

मग कडक सस्पेन्शनची गाडी घ्यायचीच नाही का? असं मी म्हणत नाही. तिचा उपयोग खरा आहे. ताम्हिणी घाटाच्या वळणांवर ती कमी झुकते. द्रुतगती मार्गावर शंभरला स्थिर वाटते. ज्यांना गाडी चालवायची मनापासून आवड आहे, त्यांना तो आनंद कळतो. आणि तो आनंद पुणेकरांना नवा नाही. पोलो जीटी आपल्या चाकणला बनत होती. 2015 साली आलेली फियाटची अबार्थ पुंटो रांजणगावची. 2024 ची अल्ट्रोझ रेसर टाटांची. या गाड्यांवर जीव लावणारी माणसं शहरात जागोजागी भेटतात.

पण तुम्ही स्वतःला विचारा. महिन्यातले बहुतेक दिवस गाडी कुठे असते? सिंहगड रस्ता, नगर रस्ता, हिंजवडीची रांग, पेठेतल्या गल्ल्या. ताम्हिणी वर्षातून किती वेळा? रोज द्रुतगती मार्गाने मुंबईला जाणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल. त्याने खुशाल सोळा इंची चाकं घ्यावीत. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, तेच इंजिन पंधरा इंची चाकांवर मिळत असेल तर ते घ्यावं. दिसायला चाक थोडं लहान वाटेल. मागे बसणाऱ्यांना मात्र फरक पहिल्याच दिवशी कळेल.

मागे बसणाऱ्यांचं मुद्दाम सांगतोय, कारण गाडी ठरवतो चालवणारा आणि धक्के बसतात मागच्यांना. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते. पुढे जे नुसतं टणक वाटतं, ते मागे कंबरेत बसतं. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आईला किंवा सासऱ्यांना बरोबर न्या आणि मागे बसवा. ज्यांना मणक्याचा त्रास आहे, त्यांचं मत सगळ्यांत मोलाचं.

शोरूमवाला तुम्हाला गुळगुळीत रस्त्यावरून एक चक्कर मारून आणेल. तेवढ्यावर समाधान मानू नका. गाडी तुमच्या रोजच्या रस्त्यावर न्यायला सांगा. नम्रपणे, पण ठाम राहा. निघण्याआधी त्या टेस्ट गाडीच्या टायरवरचा आकडा वाचा. बऱ्याचदा टेस्टची गाडी एका व्हेरियंटची असते आणि तुम्ही बुक करता दुसरंच. आकडा वेगळा असेल तर त्या चकरेवरून तुमच्या गाडीचा अंदाज येणार नाही.

उखडलेल्या पट्ट्यावरून तीसच्या वेगाने जा. रेडिओ बंद ठेवा. खड्ड्यातून बाहेर आल्यावर गाडी एकदा वर-खाली होऊन बसली पाहिजे. ती उड्या मारत राहिली तर सस्पेन्शन फार मऊ आहे. प्रत्येक बारीक उंचवटा स्टिअरिंगमध्ये आणि दातांत जाणवला तर फार कडक. मग मागच्यांना विचारा, त्यांच्याशी वाद घालू नका.

यानंतर तुमच्या सोसायटीचा रॅम्प. ही परीक्षा लोक हमखास विसरतात. तळघरातल्या पार्किंगचे जुने रॅम्प उभे असतात आणि खाली अचानक सपाट होतात. स्पोर्टी गाडीचा पुढचा बंपर खाली उतरलेला असतो. चौघे बसवून, हळू, वर आणि खाली दोन्ही करून बघा. घासल्याचा आवाज आला तर तो रोज सकाळ-संध्याकाळ येणार.

माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. स्विफ्टचा 163 मिलिमीटर आहे. अबार्थ पुंटोचा 155 होता. चौघे बसले, मागे बॅगा भरल्या की गाडी आणखी खाली बसते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर लांब असावा. तसा असेल तर छोटी गाडी आरामात जाते. पण गल्लीतले कित्येक गतिरोधक अरुंद आणि उंच असतात. पुढची चाकं पलीकडे गेली, मागची अजून अलीकडे आहेत, आणि मधला उंचवटा बरोबर गाडीच्या पोटाखाली. घासतं ते तिथे.

अशा गतिरोधकावर ब्रेक दाबून धरून चढू नका. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं आणि पुढचं सस्पेन्शन आधीच दबतं. वेग आधी कमी करा, चाक चढायच्या क्षणी ब्रेक सोडा. तिरकी घालून नेऊ नका. मागून येणाऱ्या दुचाकीला तुम्ही वळताय असं वाटतं.

आता मोहाचं. गाडी आली की कोणीतरी मित्र सांगतो, बाहेरून सतरा इंची चाकं टाक, स्प्रिंग कापून गाडी खाली घे, भारी दिसेल. हे करू नका. कापलेल्या स्प्रिंगला दबायला जागा उरत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर लवकर जातात, ब्रेक मारताना गाडीचा तोल बदलतो. 205/45 R17 सारख्या टायरची कड जेमतेम 92 मिलिमीटर असते. चेंबरच्या झाकणापुढे ती टिकायची नाही. गाडी उंच करायला स्प्रिंगमध्ये रबर बसवून घेणारेही आहेत. तेही नको.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा बदल गाडीत करता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. शिवाय बाहेरची चाकं टाकल्यावर सस्पेन्शनचा भाग गेला, तर वॉरंटीत अडचण येऊ शकते. विम्याच्या दाव्यातही प्रश्न निघू शकतो. चाकं बदलायचीच असतील तर कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेला आकार घ्या, अधिकृत ठिकाणी बसवा, बिल जपा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

ठरलं की बुकिंगच्या कागदावर व्हेरियंटचं पूर्ण नाव आणि टायरचा आकार लिहून घ्या. तोंडी कबुलीवर राहू नका. स्टेपनी आहे की नाही, असल्यास कोणत्या आकाराची, हेही विचारा. काही गाड्यांत आता स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चरचं किट देतात. टायरची कडच फाटली तर त्या किटचा उपयोग नाही, आणि रात्री वरंधा घाटात ते कळणं वाईट. पुष्कळ गाड्यांना सोळा इंची चाकं आणि स्टेपनी मात्र लहान, असं असतं. ती लावली तर वेग त्यावर लिहिलेल्या मर्यादेत ठेवा आणि पहिल्या दुकानात मूळ चाक दुरुस्त करून घ्या.

गाडी ताब्यात घ्यायला दिवसा उजेडी जा. पेढे नंतर, आधी चाकं. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1025 म्हणजे 2025 चा दहावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि जवळपासच्या तारखांचे असावेत. अलॉयच्या काठावर हात फिरवा, ओरखडा कळतो. हवा तपासायला सांगा. यार्डातून आलेल्या गाडीत ती बऱ्याचदा जास्त भरलेली असते, आणि मग चांगली गाडीही दणके देते. बरोबर आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. चौघांसाठी आणि सामानासाठीचा आकडा वेगळा दिलेला असेल तर तोही टिपून ठेवा.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना, हवा बघा. त्याच वेळी खाली वाकून प्रत्येक टायरची आतली आणि बाहेरची कड बघा, फुगा आहे का. मोठा दणका बसला असेल तर अलाइनमेंट करून घ्या. स्टेपनीतली हवाही त्याच फेरीत तपासा.