'वस्तीनं कोणाला दिलं?' हे गावाला कसं कळतं?

निकाल लागला की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'बौद्ध वस्तीनं कोणाला दिलं?' जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी त्याला अपवाद नाही. हे गाव भोकरदन विधानसभा आणि जालना लोकसभा मतदारसंघात येतं, म्हणजे दानवेंच्या बालेकिल्ल्यात. रावसाहेब दानवे 1999 पासून सलग पाच वेळा खासदार झाले. 2009 मध्ये त्यांनी काँग्रेसच्या कल्याण काळेंना साडेआठ हजारांहूनही कमी मतांनी हरवलं होतं. त्याच काळेंनी 2024 मध्ये त्यांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. आणि साडेपाच महिन्यांत भोकरदनमधून रावसाहेबांचे पुत्र संतोष दानवे तिसऱ्यांदा आमदार झाले.

यावर आपल्या कार्यकर्त्यांचं उत्तर तयार असतं. लोकसभेला समाज संविधानासाठी एक झाला, विधानसभेला विकला गेला. मला हे पटत नाही.

लोकसभेला संविधानाचा मुद्दा होता, हे खरंच. पण याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत 1 सप्टेंबर 2023 रोजी लाठीमार झाला आणि मराठा समाजाचा रोष सत्ताधाऱ्यांवर गेला, हेही तितकंच खरं. अपक्ष मंगेश साबळे यांनी दीड लाखाच्या वर मतं घेतली. वंचितच्या उमेदवाराला 2019 मध्ये सुमारे 77 हजार मतं होती, 2024 मध्ये ती 38 हजारांच्या आसपास आली. ही सगळी मतं बौद्धांचीच होती असं नाही, पण आपल्यातल्या अनेकांनी स्वतःचा पक्ष बाजूला ठेवून मत दिलं, हे वस्तीत बसलं की कळतं. विधानसभेला तीच माणसं होती, हिशोब वेगळा होता. लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यावर येत होते. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं त्याचा विचार केला तर ती विकली गेली, असं म्हणायचा अधिकार महिना पगार घेणाऱ्या आपल्यापैकी कोणाला आहे? एका घरात पोरगा एकीकडे आणि आई दुसरीकडे मत देते. 'वस्तीचं मत' अशी एकगठ्ठा वस्तू असतेच असं नाही.

तरी गाव ते एकगठ्ठा मोजतं, कारण मोजता येतं. बौद्ध वस्ती बहुतेक ठिकाणी एका बाजूला, त्यामुळे मतदार यादीच्या एकाच भागात येते. मतदान यंत्रं बूथनिहाय मोजली जातात आणि फॉर्म 20 मध्ये प्रत्येक बूथचा आकडा जाहीर होतो. मत गुप्त, पण वस्ती उघडी. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक बूथची मतं मिसळून मोजायची सोय नियमांत होती. यंत्रांसाठी तशीच सोय करणारं 'टोटलायझर' निवडणूक आयोगानं 2008 मध्येच सुचवलं. विधी आयोगानं 2015 च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. केंद्र सरकार तयार झालं नाही. आपल्या आंदोलनांच्या मागण्यांत हा विषय मी कधी ऐकला नाही, याचं मला नवल वाटतं.

समाजशास्त्र शिकताना एम. एन. श्रीनिवास यांचा 'व्होट बँक' हा शब्द भेटला. त्यांनी 1955 मध्ये तो वापरला, तेव्हा रोख आश्रितांची मतं हातात ठेवणाऱ्या गावच्या बड्या माणसाकडे होता. आज तोच शब्द आपल्यावर चिकटवला जातो, आणि बडा माणूस निसटतो.

ग्रामपंचायतीत हे आणखी बारीक होतं. तिथं पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं. वॉर्ड काहीशे मतांचा. सदस्यांमधून सरपंच निवडला जायचा तेव्हा आपल्या वॉर्डाचे दोन-तीन सदस्य बहुमत घडवू-मोडू शकत. 2017 मध्ये सरपंच थेट निवडणं सुरू झालं, 2020 मध्ये बंद झालं, 2022 मध्ये पुन्हा आलं. थेट निवडणुकीत ती ताकद कमी होते. राखीव सरपंचपदालाही उमेदवार बहुधा पॅनलप्रमुखच शोधतो.

दुसऱ्या तालुक्यातल्या एका गावात (नाव देत नाही) पाण्याची पाइपलाइन वस्तीच्या अलीकडे येऊन थांबली. विचारायला गेलेल्या बायकांना उत्तर मिळालं, 'तुमच्या बूथवर आम्हाला किती पडली ते बघितलं.' सगळ्यांनी ऐकलं. लिहून कोणीच घेतलं नाही. महिन्याभरानं मी गेले, तेव्हा कोण काय बोललं यावरच वाद सुरू होता.

हे बोलणं नुसतं उर्मट नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 ची दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. कलम 3(1)(एल) नुसार अनुसूचित जातीच्या माणसाला ठरावीक उमेदवाराला मत द्यायला भाग पाडणं किंवा मतदानापासून रोखणं गुन्हा आहे. कलम 3(1)(एन) मतदानानंतरच्या काळासाठी आहे. मारहाण, सामाजिक-आर्थिक बहिष्कार, त्याची नुसती धमकी, आणि हक्काची सार्वजनिक सेवा अडवणं, हे सगळं त्यात येतं. पहिलं कलम बऱ्याच कार्यकर्त्यांना माहीत असतं, दुसरं फार थोड्यांना.

त्यामुळे निकालानंतरचे दोन-तीन महिने विहारात एक वही ठेवा. कोणाचं घरकुल अडलं, कोणाला मजुरीवरून काढलं, कोण काय बोललं, कोणासमोर, कोणत्या तारखेला, हे त्याच दिवशी लिहा. अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या आणि तिची प्रत वहीत चिकटवा.